दिनविशेषातील ३ जुलै

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर येणारे 'दिनविशेष' हे छोटे सदर मी गेली कित्येक वर्षे न चुकता वाचत आलो आहे. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हा त्याचे कात्रण काढून वर्गाबाहेरच्या फलकावर लावत असे, आणि निवृत्तीनंतरही सकाळच्या चहाबरोबर आधी हेच सदर उघडण्याची सवय सुटलेली नाही. या सदरात गेल्या २१ डिसेंबरला 'संत थॉमस दिन' अशी तीन शब्दांची नोंद होती. त्याआधीच्या ३ जुलैच्या अंकात मात्र या संताचा नामोल्लेखही नव्हता. तीन शब्दांसाठी संपादकांना पत्र लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी लिहायचे ठरवले, कारण ही तारीख आणि तिच्यामागची परंपरा या दोन्ही गोष्टी मराठवाड्यातील वाचकाला वाटतात तितक्या परक्या नाहीत.

आधी तारखेबद्दल. कॅथलिक चर्चच्या रोमन दिनदर्शिकेत प्रेषित थॉमस, म्हणजे येशूच्या बारा प्रमुख शिष्यांपैकी एक, यांचा सण शतकानुशतके २१ डिसेंबरलाच होता. १९६९ साली ही दिनदर्शिका नव्याने आखली गेली तेव्हा तो ३ जुलैला नेण्यात आला. डिसेंबरचे ते दिवस नाताळच्या पूर्वतयारीचे असतात आणि त्यांत मध्येच दुसरा सण नको, हा एक विचार त्यामागे होता; शिवाय थॉमस यांच्या अस्थी भारतातून एडेसा नगरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील उर्फा येथे, नेल्याचे स्मरण ३ जुलैला करण्याची परंपरा फार जुनी होती. केरळमधील सिरो-मलबार चर्च या दिवसाला 'दुक्राना' म्हणते. हा सिरियाक शब्द असून त्याचा अर्थच 'स्मरण' असा आहे. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आणि काही अँग्लिकन मंडळींत २१ डिसेंबर आजही पाळला जातो, त्यामुळे आपली नोंद सर्वस्वी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. परंतु भारतातील कॅथलिकांचा सण म्हणून एकच तारीख द्यायची असेल तर ती ३ जुलै हीच होय. इतर देशांत हा दिवस बाकीच्या प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा असतो. भारतात मात्र त्याला 'सोहळा' हा उपासनेतील सर्वांत वरचा दर्जा आहे, कारण थॉमस यांना भारताचा प्रेषित मानले जाते.

येथे आणखी एक घोळ निस्तरणे आवश्यक आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात ज्यांचा सण होतो ते संत फ्रान्सिस झेवियर वेगळे. ते १५४२ साली गोव्यात उतरले, म्हणजे थॉमस यांच्या आगमनाचे जे वर्ष परंपरेने मानले आहे त्याच्या जवळजवळ दीड हजार वर्षांनंतर. आणि १५४५ साली ते स्वतःच थॉमस यांच्या समाधीच्या दर्शनाला मद्रासजवळच्या मैलापूरला जाऊन राहिले होते. मराठीच्या विद्यार्थ्याला थॉमस म्हटले की ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स आठवतात, ते तर सतराव्या शतकाच्या आरंभीचे आणि जन्माने इंग्रज. तारखांत '३' आणि नावांत 'थॉमस' आल्यामुळे या तिघांची सरमिसळ मी उत्तरपत्रिकांतच नव्हे, तर चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही ऐकली आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका सहकाऱ्यामुळे. ते आमच्या शाळेत गणित शिकवत. मूळचे वैजापूर तालुक्यातले, तीन पिढ्यांचे कॅथलिक, बोलायला माझ्यापेक्षा अस्सल मराठवाडी. दरवर्षी ३ जुलैला ते किरकोळ रजा टाकत आणि अर्जातील कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' असे लिहीत. मी एकदा सहज विचारले की दरवर्षी याच तारखेला घरगुती काम कसे निघते, तेव्हा त्यांनी हसत सांगितले, "सर, सणाचं नाव लिहिलं की कोण, कुठला, कधी, सगळं सांगत बसावं लागतं. घरगुती म्हटलं की सही होते." त्याच शिक्षककक्षात कोणी ना कोणी त्यांना दर दोन-चार महिन्यांनी ऐकवत असे की तुमचा धर्म इंग्रजांनी आणला. ते वाद घालत नसत. मी इतिहासाचा शिक्षक असूनही त्या वेळी गप्प बसत असे, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

हे विधान मराठवाड्यापुरते तर दुहेरी चुकीचे आहे. नळदुर्ग-धाराशिवकडची १८५३ ते १८६० ही वर्षे सोडली तर आपला भाग इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाची सत्ता होती. या मुलखातील खेड्यापाड्यांत कॅथलिक धर्मग्रामे उभी राहिली ती मुख्यतः फ्रान्सच्या सव्हॉय भागातून आलेल्या धर्मगुरूंच्या हातून, आणि घोगरगावचे फादर गुरियन जाकिए यांचे नाव त्या पट्ट्यातील वृद्ध माणसे आजही घरातल्या माणसाचे घ्यावे तसे घेतात. जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे तर मराठी माणूस. ते प्रोटेस्टंट, स्कॉटिश मिशनचे. औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली झाला. हा सगळा इतिहास गेल्या दीडशे वर्षांतला आहे, आणि मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी बहुसंख्य याच काळात, गावकुसाबाहेरच्या जिण्यातून, या धर्मात आली. त्यांचा थॉमस यांच्याशी वंशपरंपरेचा संबंध नाही, आणि माझ्या सहकाऱ्यांनी तसा दावा कधी केलाही नाही. तरीही ३ जुलै त्यांचा सण आहे, कारण आपल्या धर्माचे या देशातील नाते कोणत्याही युरोपीय जहाजापेक्षा जुने आहे, असे ते या दिवशी म्हणू शकतात.

एका वर्षी ते मला त्यांच्या गावी घेऊन गेले. पेरण्या नुकत्याच उरकल्या होत्या, सोयाबीन दोन पानांवर आले होते आणि पावसाने आठवडाभर दडी मारली होती. चर्च लहान, वर पत्रे. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, संपूर्ण मराठीत झाली, पेटी आणि ढोलकी होती, आणि गीतांच्या दोन चाली तर मला आमच्या भजनी मंडळातल्याच वाटल्या. धर्मगुरूंनी लाल वस्त्र घातले होते. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी कुजबुजत सांगितले की हुतात्म्याच्या सणाला लाल रंग असतो. सामूहिक प्रार्थनेत पहिली विनंती पावसासाठी होती. बाहेर आल्यावर वरण-भात आणि शिरा. नाताळसारखी रोषणाई नाही की नवे कपडे नाहीत. शाळा चालू, शेतीची घाई, सरकारी सुटी नाही, अशा दिवशी जेवढा सण होऊ शकतो तेवढाच.

त्या दिवशी वाचलेले शुभवर्तमान योहानाच्या विसाव्या अध्यायातले होते, आणि माझ्या मनात राहिले ते तेच. क्रुसावर मरण पावलेला येशू पुन्हा उठला आणि शिष्यांना भेटला, त्या वेळी थॉमस तेथे नव्हता. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव 'थोमा' असे आहे. मूळ अरामी शब्दाचा अर्थ जुळा. बाकीच्यांनी सांगितले तेव्हा तो म्हणाला की त्याच्या हातांतील खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला आणि त्याने प्रथम थोमालाच जवळ बोलावून हात पुढे केला. तेव्हा थोमा एवढेच म्हणू शकला की तू माझा प्रभू आणि माझा देव. इंग्रजी बोलणाऱ्यांनी या माणसाचे नाव संशयी माणसाला चिकटवून दिले आहे. मला तो अन्याय वाटतो. याच शुभवर्तमानात आधी, येशू धोका पत्करून यहूदियात परत निघतो तेव्हा, आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू असे सोबत्यांना सांगणारा हाच थोमा आहे. आणि तू कोठे जातोस हेच ठाऊक नाही तर वाट कशी कळणार, असे तोंडावर विचारणाराही तोच. न कळलेले कळले म्हणून मान डोलावणे त्याला जमत नव्हते.

मी तेरचा रहिवासी आहे आणि आमच्या घरात वारकरी परंपरा आहे, त्यामुळे ते वाचन ऐकताना मला गोरोबाकाकांचे थापटणे आठवले यात नवल नाही. संतमंडळी तेरला जमली असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांना मडकी पारखायला सांगितले, त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले, सर्वांनी ते निमूट सोसले आणि नामदेव तेवढे चिडले, म्हणून ते 'कच्चे मडके' ठरले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. दोन्ही कथांत पारख हातानेच होते, फरक इतकाच की एकीकडे गुरू शिष्यांना तपासतो आणि दुसरीकडे शिष्य गुरूला. मात्र पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कच्चे ठरलेले नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि अखेर या सर्वांमध्ये सर्वांत दूर, पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. बारा प्रेषितांत सर्वांत दूरचा प्रवास परंपरेने ज्याच्या वाट्याला दिला आहे, तोही व्रणांत बोट घालू पाहणारा थोमाच. ही तुलना मी सहकाऱ्यांना ऐकवली तेव्हा ते म्हणाले, "हे आमच्या फादरना सांगायला हवं." सांगितले की नाही, ते कळले नाही.

आता परंपरा काय सांगते आणि पुरावा काय सांगतो, याबद्दल. कारण माझ्या विनंतीचा गाभा येथेच आहे. केरळची परंपरा अशी की थॉमस इसवी सन ५२ मध्ये मुझिरिस बंदरात, आजच्या कोडुंगल्लूरजवळ, उतरले, त्यांनी पालयूर, निरणम, कोल्लम अशा सात ठिकाणी चर्चची स्थापना केली, आणि इसवी सन ७२ मध्ये मैलापूरजवळच्या टेकडीवर भाल्याने त्यांचा वध झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्या किनाऱ्यावरून गेलेल्या मार्को पोलोने निराळेच ऐकले होते: मोर मारायला आलेल्या पारध्याचा बाण चुकून प्रार्थनेत बसलेल्या संताला लागला. त्या जागची माती पाण्यात कालवून तापाच्या रोग्याला देतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडच्या अंगाऱ्याची आठवण व्हावी असे.

यातील काहीही समकालीन शिलालेखाने किंवा कागदाने सिद्ध झालेले नाही. चौथ्या शतकात एडेसाचे कवी संत एफ्रेम यांनी भारतातून एका व्यापाऱ्याने आणलेल्या अस्थींची गाणी लिहिली, म्हणजे ही समजूत तेव्हा पक्की होती. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवासी व्यापाऱ्याने मलबारातील ख्रिस्ती लोकांची नोंद केली आणि 'कल्लियाना' येथे इराणात नेमलेला बिशप असल्याचे लिहिले. ते स्थळ म्हणजे आपले कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. कोल्लमच्या तरिसापळ्ळी चर्चला दिलेला ताम्रपट इसवी सन ८४९ चा आहे आणि तो आजही उपलब्ध आहे. गंमत अशी की इंग्लंडच्या जुन्या बखरीत, इसवी सन ८८३ खाली, राजा आल्फ्रेडने भारतातील संत थॉमस यांच्याकडे दानधर्म पाठवल्याची नोंद सापडते. ती देणगी खरोखर येथे पोहोचली का, हे बाजूला ठेवू. पण ज्या इंग्रजांनी हा धर्म आणला असे आमच्या शिक्षककक्षात म्हणत, त्यांच्याच देशात ईस्ट इंडिया कंपनीच्या सातशे वर्षे आधी हिंदुस्थानातल्या थॉमसचे नाव ठाऊक होते. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपती असताना, १९५५ साली दिल्लीत झालेल्या थॉमस दिनाच्या समारंभात, युरोपातील अनेक देश ख्रिस्ती होण्याच्या आधी थॉमस भारतात आले याची आठवण करून दिली होती. टपाल खात्यानेही त्यांच्या स्मरणार्थ दोनदा तिकीट काढले: १९६४ साली, पोप पॉल सहावे मुंबईच्या युकारिस्टिक काँग्रेसला, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्याला, आले तेव्हा, आणि पुन्हा १९७३ साली.

दुसरी परंपरा वायव्येची. तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिल्या गेलेल्या थॉमसच्या कृत्यांच्या कथेत हब्बान नावाचा व्यापारी थॉमसला गुलाम म्हणून विकत घेऊन राजा गोंडोफारेसकडे आणतो, कारण राजाला महाल बांधणारा कारागीर हवा असतो. राजा पैसे देतो, थॉमस ते सगळे गोरगरिबांत वाटून टाकतो. महाल कुठे आहे असे विचारल्यावर तो सांगतो की बांधून झाला आहे, पण तुम्हाला तो मृत्यूनंतर दिसेल. राजा त्याला कैदेत टाकतो. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद मरतो, स्वर्गात एक देखणा महाल पाहतो, तो आपल्या भावाचा आहे असे त्याला कळते, आणि जिवंत होऊन तो महाल मला विक म्हणून भावाच्या मागे लागतो. याच कथेमुळे गवंड्यांचा आणि वास्तुकारांचा संरक्षक संत म्हणून थॉमस ओळखले जातात व चित्रांत त्यांच्या हाती गवंड्याचा गुण्या असतो.

कीर्तनात दामाजीपंतांचे आख्यान ऐकत वाढलेल्या माणसाला ही कथा ओळखीची वाटल्याशिवाय राहणार नाही. मंगळवेढ्याच्या दामाजींनीही बेदरच्या बादशहाची कोठारे दुष्काळात लोकांना खुली केली. राजाचा ऐवज, भुकेली माणसे आणि हिशेब मागायला आलेले शिपाई, हे तिन्ही दोन्हीकडे आहेत. शेवट मात्र वेगळा. आमचा विठोबा विठू महाराच्या वेशात बेदरला जातो, रोख भरणा करतो आणि पावतीही घेऊन येतो. थॉमसच्या कथेत राजाला त्याचे पैसे परत मिळतच नाहीत, त्यालाच आपला हिशेब बदलावा लागतो. कोणती कथा श्रेष्ठ हा प्रश्न येथे नाही. मला तर आमची अधिक आवडते, कारण पावती घेणारा देव मी अन्यत्र कोठे वाचलेला नाही.

आणि ही नुसती कथाच म्हणून दीर्घकाळ बाजूला ठेवली गेली होती. गोंडोफारेस या राजाचे नाव त्या कथेखेरीज कोणाला माहीत नव्हते. १८३० नंतरच्या दशकांत अफगाणिस्तान आणि पंजाबात त्याची नाणी सापडू लागली, पुढे पेशावरकडील तख्त-इ-बाहीचा शिलालेख उजेडात आला, आणि हा राजा पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात खरोखर राज्य करत होता हे ठरले. राजा खरा ठरला म्हणून पाहुणाही खरा ठरत नाही. इतिहासाच्या वर्गात मी हे वाक्य पुष्कळदा सांगितले आहे. केरळ की वायव्य, हा वाद एवढा नाजूक आहे की २००६ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी थॉमस आधी पश्चिम भारतात गेले असे प्रवचनात म्हणताच केरळात नाराजी उमटली.

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण म्हणजे मी स्वतः केलेली चूक. तेर म्हणजे प्राचीन तगर, हे शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या वाटाड्या पुस्तकात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे लिहिले आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून सुती व तलम कापड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. (मराठवाड्यातील रस्त्यांबद्दलची तक्रार किती जुनी आहे, हे आपल्या वार्ताहरांना यातून कळेल.) त्याच पुस्तकात मुझिरिसचीही हकीकत आहे. आमच्या तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली निघाली. ते नगर इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले. म्हणजे परंपरेने सांगितलेल्या थॉमसच्या मृत्यूनंतर अवघ्या सात वर्षांनी. तशीच मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही मिळाली आहे.

एवढे सगळे एकत्र आल्यावर माझ्यासारख्या तेरच्या माणसाचा तोल जाणे स्वाभाविक होते. सहकाऱ्यांच्या गावाहून परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितले की रोमन जगाशी जोडलेले हे व्यापारी मार्ग त्याच काळातले आहेत, तेव्हा प्रेषित थॉमस तेरवरूनही गेले असणार. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, कोणी पाहिलं का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही. रस्ता होता, माल जात होता, यवनांनी, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीकांनी, कार्ल्याच्या लेण्यांत दाने दिली आहेत. थॉमस नावाचा कोणी त्या रस्त्याने आला याचा कणभरही पुरावा नाही. सहकाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की त्या मुलीला ३ जुलैचा प्रसाद मिळायला हवा होता.

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांत मला माझ्याच त्या वाक्याचे भाईबंद भेटतात. कोणी थॉमसला पैठणला आणून सोडतो. दुसऱ्या बाजूने कोणी भारतातला सगळा ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या किंवा इंग्रजांच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. या दोन्ही मजकुरांना आपल्या दैनिकातील एका नेमक्या ओळीने जे उत्तर मिळेल ते दहा भाषणांनी मिळणार नाही, कारण मराठवाड्यातील खेड्यात छापील दिनविशेष आजही कात्रून ठेवला जातो. शिवाय आपल्या सदरात संतांच्या पुण्यतिथ्या येतात, उरूस येतात, महावीर जयंती आणि गुरुनानक जयंती येते; ख्रिस्ती म्हणून नाताळ आणि गुड फ्रायडे तेवढे येतात, म्हणजे साऱ्या जगाचे आहेत तेच. ज्या एका सणाला भारतातील कॅथलिक आपल्या देशाच्या प्रेषिताचा सण मानतात, तो सुटतो.

म्हणून माझी विनंती एवढीच की येत्या ३ जुलैपासून दिनविशेषात ही नोंद घ्यावी. ओळ कशी असावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही, तरी जुन्या सवयीने मसुदा करून पाठवत आहे: 'प्रेषित संत थॉमस यांचा सण (कॅथलिक). परंपरेनुसार इ. स. ५२ मध्ये केरळ किनाऱ्यावर आगमन व इ. स. ७२ मध्ये मैलापूर येथे हौतात्म्य.' सहकारी आता निवृत्त होऊन वैजापूरकडे राहतात. त्यांच्याकडेही आपलेच दैनिक येते. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. त्यास हवी तेथे कात्री लावावी. परंतु दिनविशेषाच्या चौकटीत जागा अपुरी पडली तर वर्षे गाळली तरी चालतील, 'परंपरेनुसार' हा शब्द गाळू नये.

कळावे,

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
तेर, जि. धाराशिव